जळालेल्या कोळशाची पोकळी वरून दिसेल का? पुण्यातल्या एका सर्वेक्षण-प्रस्तावाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही पुण्यातली एक लहान भूभौतिक सर्वेक्षण कंपनी. बोअरची जागा दाखवायची, पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीच्या प्लॉटखाली कातळ किती खोल आहे ते सांगायचं, बुजवलेल्या विहिरी नि जुने नाले हुडकायचे, अधूनमधून एखाद्या बांधाची गळती शोधायची, हे तिचं रोजचं काम. सप्टेंबर २०२४ मध्ये बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ट्रक पेव्हर ब्लॉक फोडून उभाच्या उभा जमिनीत गेला, त्यानंतर 'आमच्या पार्किंगखाली काही पोकळ नाही ना?' असे फोन वाढले. पोकळी शोधणारी कंपनी म्हणून तिचं नाव थोडंफार झालं ते तेव्हा.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर वेगळाच फोन आला. महाराष्ट्राबाहेरच्या एका कोळसा-पट्ट्यात भूमिगत कोळसा वायुकरणाची छोटी चाचणी करायचा विचार असलेला एक ग्राहक होता. त्याचे तांत्रिक अधिकारी मूळचे नागपूरचे, आयुष्य खाणीत गेलेलं. त्यांना हवं होतं ते एका वाक्यात: चाचणी संपल्यावर खाली तयार झालेली पोकळी कुठे आहे, केवढी आहे, ते जमिनीवरून मोजून द्या. ग्राहकाचं नाव आणि जागा इथे देत नाही, काही तपशीलही मुद्दाम धूसर ठेवले आहेत. प्रस्तावाचं बाहेरून परीक्षण करायला मला बोलावलं होतं, त्यामुळे बहुतेक चर्चांना मी टेबलाच्या कोपऱ्यात हजर होतो.

भूमिगत वायुकरण म्हणजे कोळसा वर न काढता जागेवरच अर्धवट जाळून त्याचा वायू करणं. एका बोअरमधून हवा किंवा ऑक्सिजन आणि वाफ खाली सोडायची, थर पेटवायचा, आणि दुसऱ्या बोअरमधून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, थोडा मिथेन असं मिश्रण वर घ्यायचं. कल्पना जुनी आहे. विल्यम सीमेन्सने ती १८६८ मध्ये मांडली, सोव्हिएत काळात ती प्रत्यक्षात आली, आणि उझबेकिस्तानातल्या अंग्रेनचं केंद्र १९६० च्या दशकापासून चालत आलं. आपल्याकडे जून २०२४ मध्ये झारखंडच्या जामताडा जिल्ह्यातल्या कास्ता कोळसा-खंडात ईस्टर्न कोलफिल्ड्सने देशातला पहिला पथदर्शी प्रकल्प सुरू केला, तो सुमारे ३०० मीटर खोलीवरचा. ही बातमी ताजी होती आणि आमच्या ग्राहकाच्या उत्साहाचं एक कारण तीही असावी.

दुसरी बाजूही सगळ्यांना माहीत होती. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या चिंचिला इथल्या प्रकल्पात खालचा दाब इतका वाढवला गेला की वरचा खडक फुटून वायू आजूबाजूला पसरला. २०१६ मध्ये त्या राज्याने ही पद्धतच बंद केली, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने चालक कंपनीला ४५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. त्याही आधी, १९७० च्या दशकात, अमेरिकेत वायोमिंगमधल्या हो क्रीकच्या चाचण्यांनंतर तिथलं भूजल दूषित झालं होतं.

अडचण

चाचणीचा आराखडा असा होता. कोळशाचा थर १८० मीटर खोल आणि सहा मीटर जाड. एकच पॅनेल, म्हणजे एका वेळी जाळायचा कोळशाचा पट्टा, साधारण २० मीटर रुंद आणि ३५ मीटर लांब जळेल असा अंदाज. म्हणजे ४,२०० घनमीटर, वजनात सुमारे ५,९०० टन कोळसा. वरती वाळूखडक, चिखलखडक, पातळ कोळशाच्या पट्ट्या, सगळ्यात वर माती आणि झिजलेला थर. पाणी वरपासूनच.

मागणी साधी वाटते, पण 'पोकळी शोधा' या दोन शब्दांत तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले होते. जळत असताना आगीचा मोर्चा कुठे पोचला? विझल्यावर छत कोसळत कोसळत किती वर आलं? आणि वायू किंवा दूषित पाणी कुठे पाझरतंय का? पहिल्याला उत्तर तासांत हवं, दुसऱ्याला महिन्यांत, तिसऱ्याला वर्षानुवर्षं. एकाच यंत्राने तिन्ही मिळत नाहीत. ग्राहकाच्या मागणीपत्रात मात्र एकच ओळ होती आणि तिच्यापुढे 'ईआरटी व ग्रॅव्हिटी सर्वेक्षण, एकदा' (ईआरटी म्हणजे जमिनीत रोवलेल्या इलेक्ट्रोडांतून वीज सोडून खालच्या खडकाचा रोध मोजणं, ग्रॅव्हिटी म्हणजे गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक मोजणं) असं लिहून रकमेचा रकाना मोकळा सोडला होता.

आणखी एक पेच, जो कोळशाबाहेरच्या माणसाच्या लक्षात सहसा येत नाही. ही पोकळी एक वस्तू नाही, ती अवस्था बदलत जाते. जळताना मध्ये तापलेला वायू असतो, त्याला विजेचा रोध प्रचंड. पण तिच्या भिंतीला लागून असलेला कोळसा सात-आठशे अंशांच्या वर तापला की त्याचा 'चार' (वायू निघून गेल्यावर उरणारा कोळसा) होतो आणि तो वीज छान वाहून नेतो, एरवी कच्चा कोळसा रोधकच. भोवती वाफेने सुकलेला खडक, तो पुन्हा रोधक. आग विझली की भूजल आत येतं, राखेतले क्षार त्यात विरघळतात आणि अख्खी पोकळी सुवाहक होते. म्हणजे रेझिस्टिव्हिटीच्या, अर्थात विजेच्या रोधाच्या, नकाशावर तीच जागा आधी लाल, मग निळी, आणि मधल्या एखाद्या महिन्यात भोवतालासारखीच दिसू शकते. 'एकदा' केलेलं सर्वेक्षण नेमकं त्या महिन्यात पडलं तर 'इथे काही नाही' असा अहवाल जाईल.

पहिला निर्णय: पुण्यात डेमो द्यायचा का?

ग्राहकाचं म्हणणं होतं, आधी पुण्यात माहीत असलेली पोकळी शोधून दाखवा. मागणी रास्त होती आणि जागाही हाताशी होती. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारी भुयारी जलवाहिनी बांधली गेली. दगडी बांधणी, मधूनमधून उच्छ्वास, काही भागांत माणूस उभा चालेल एवढी उंची. तिचा मार्ग बऱ्याच ठिकाणी ठाऊक असल्यामुळे उत्तर तपासता येणार होतं.

टीमप्रमुख मॅडम आधी नको म्हणत होत्या. त्यांचा मुद्दा: तिथे छत दोन-तीन मीटरवर आहे आणि पोकळी दीड-दोन मीटरची, खोली आणि आकार जवळजवळ सारखे. ग्राहकाच्या जागेवर खोली आकाराच्या नऊपट. तिथे जमलं म्हणून इथे जमेल असं कोणी धरून बसलं तर नंतर समजावणं कठीण. कंपनीच्या मालकांना मात्र काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. डेमो झाला.

तो उत्तम झाला, आणि पुढच्या कटकटीचं मूळ तेच. जमिनीत रडारच्या लहरी सोडणाऱ्या जीपीआरने मुरमाच्या पट्ट्यात जलवाहिनीच्या माथ्याचे सुबक कंस दाखवले. काळ्या मातीच्या तुकड्यात लहरी मातीनेच गिळल्या, पण तोवर अधिकाऱ्यांचं समाधान झालेलं होतं. पाच मीटर अंतरावर ४८ इलेक्ट्रोड रोवून घेतलेल्या ईआरटीतही वाहिनीच्या जागी रोधक गाठ अंधुक का होईना उमटली. मॅग्नेटोमीटर तेवढा निरुपयोगी ठरला. दख्खनचा बेसाल्ट स्वतःच इतका चुंबकीय असतो की त्याच्या गोंगाटात दुसरं काही ऐकू येत नाही. अधिकाऱ्यांनी ते यंत्र यादीतून तिथल्या तिथे खोडलं.

"मॅडम, इथे दिसलं ना? मग तिथेही दिसेल," ते चहा घेता घेता म्हणाले. "साहेब, तिथे जीपीआर पहिल्या काही मीटरातच संपेल, आणि जे तुम्ही आता खोडलंत ते बहुतेक सगळ्यात आधी लागेल," असं मॅडमनी उत्तर दिलं. साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला.

माझं मत विचाराल तर डेमो देण्यात काही वावगं नव्हतं, पण तो कशाचा डेमो आहे हे आधी लिहून द्यायला हवं होतं. टीमची शिस्त, यंत्रांची देखभाल, डेटा कसा तपासला जातो, हे त्यातून दिसतं. १८० मीटर खाली काय दिसेल हे त्यातून दिसत नाही.

पर्याय आणि त्यांचे हिशेब

डेमोनंतर मॅडमनी प्रस्ताव लिहायला नकार दिला आणि आधी हिशेब करायला बसवलं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा टप्पा हाच. बहुतेक गणित कागद-पेन्सिलीचं होतं.

ग्रॅव्हिटीपासून सुरुवात झाली, कारण तिथे पळवाट नाही. गुरुत्वाकर्षणातला बदल खालून किती वस्तुमान गेलं यावर ठरतो, आणि ते वस्तुमान आपल्याला माहीत आहे: ५,९०० टन. पोकळीचा आकार कसाही वेडावाकडा असो, एवढ्या खोलीवर फरक पडत नाही. १८० मीटर खालून एवढा कोळसा नाहीसा झाला तर जमिनीवरचा बदल सुमारे १.२ मायक्रोगॅल (एक मायक्रोगॅल म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा सुमारे अब्जावा भाग). चांगला ग्रॅव्हिमीटर, काळजीपूर्वक माणूस आणि शांत जागा असेल तर फेरमापनात पाच मायक्रोगॅलच्या आसपास खात्री देता येते. पोकळी पाण्याने भरली की १.२ चं ०.३-०.४ होतं. आणि त्यात पावसाळा: दहा टक्के सच्छिद्र खडकात पाण्याची पातळी एक मीटर वर-खाली झाली की चार मायक्रोगॅल. पाच मीटरचा हंगामी चढउतार म्हणजे वीस. चाचणीचं सगळं जळण पावसाच्या फरकात बुडून जाणार.

तरीही ग्रॅव्हिटी पूर्णपणे बाद होत नाही. छत कोसळत गेलं आणि पोकळी वर सरकत ३० मीटरवर आली, तर गेलेलं वस्तुमान तेवढंच असूनही ते जवळ आल्यामुळे बदल ४० मायक्रोगॅलच्या वर जातो. म्हणजे ग्रॅव्हिटी धोक्याची घंटा म्हणून चालेल, मोजपट्टी म्हणून नाही.

पण पोकळी इतकी वर येईल का? इथे टीममधल्या सगळ्यात तरुण मुलाने एक जुना खाणीचा हिशेब काढला. कोसळलेला खडक फुगतो. सहा मीटर उंचीची जागा भरायला पंचवीस टक्के फुगणारा खडक २४ मीटर उंचीपर्यंत कोसळावा लागतो, मग तो स्वतःच जागा भरून थांबतो. पंधरा टक्केच फुगला तर ४०. म्हणजे कोसळण्याचा माथा साधारण १४० ते १५५ मीटर खोलीवर अडकेल. अपेक्षित चित्र हेच असेल तर नजर ठेवायची जागा जमिनीच्या पृष्ठभागावर नाही, थराच्या वर चाळीसेक मीटरच्या पट्ट्यात आहे.

ईआरटीचा नियम ढोबळ पण उपयोगी: जेवढी लांब रेषा, त्याच्या पाचव्या भागाएवढी खोली. कंपनीच्या नेहमीच्या मांडणीत रेषा २३५ मीटरची, खोली पंचेचाळीसेक मीटर. १८० मीटर गाठायला इलेक्ट्रोड वीस-वीस मीटरवर ठोकून ९४० मीटरची रेषा लागेल. ती टाकता येईल, पण एवढ्या अंतरातून २० मीटरच्या गाठीचा परिणाम मोजमापात एक टक्क्याहून बराच कमी उतरतो, आणि जमिनीवर ओल बदलली तरी त्याच्या कित्येक पट फरक पडतो. मागणीपत्रातल्या दोन्ही पद्धती इथे संपल्या.

भूकंपीय परावर्तनावर चर्चा जास्त लांबली. अडीच हजार मीटर प्रतिसेकंद वेग आणि ६० हर्ट्झ वारंवारता धरली तर तरंगलांबी ४२ मीटर. उभ्या दिशेत तिच्या चतुर्थांशाएवढं, म्हणजे दहाएक मीटरचं वेगळं दिसतं. आडव्या दिशेत मात्र १८० मीटरवर लहरींचा एकत्रित ठिपका साठ मीटर त्रिज्येचा होतो. वीस मीटरची पोकळी त्या ठिपक्यात हरवते. ती सुटी दिसणार नाही, पण तिच्या कडांवरून विखुरलेल्या लहरी आणि तिच्याखालच्या थरांची उशिरा, फिकट येणारी परावर्तनं यांतून सुगावा लागू शकतो, तोही आधीचं आणि नंतरचं सर्वेक्षण अगदी त्याच जागांवर झालं असेल तर. त्रिमितीय सर्वेक्षणाचा खर्च एवढ्याशा चाचणीला परवडणारा नव्हता. द्विमितीय दोन रेषा, त्याही भ्रंश शोधण्यासाठी, एवढ्यावर सगळे आले.

उपग्रहाच्या रडारने जमीन खचते का ते पाहणं स्वस्त. सेंटिनेल-१ बारा दिवसांनी त्याच जागेवरून जातो. पण त्याची लहर ५.६ सेंटिमीटरची, आणि पावसाळ्यात झाडोऱ्याने दोन चित्रांचा मेळच बसत नाही. जुलै २०२५ मध्ये निसार हा भारत-अमेरिकेचा रडार उपग्रह गेला, त्यावरची चोवीसेक सेंटिमीटरची लहर झाडीतून बरीच चांगली पार होते, म्हणून हा पर्याय आता तेव्हापेक्षा जड झाला आहे. तरी १५० मीटरवर अडकलेली पोकळी वरची जमीन किती हलवेल हा प्रश्न उरतोच.

चुंबकीय सर्वेक्षणाचाही हिशेब झाला. तापून थंड झालेला खडक चुंबकीय होतो. कोळशाच्या उथळ आगींचे नकाशे काढताना हा गुण कामी येतो. पण १८० मीटर खालून येणारा संकेत एका नॅनोटेस्लाच्याही (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं बारीक एकक) खाली, आणि पृथ्वीचं क्षेत्र एरवीच दिवसभरात वीस-पन्नास नॅनोटेस्लांनी डोलत असतं. पोकळी शोधायला निरुपयोगी. मॅडमनी ती पद्धत तरीही यादीत ठेवली, पोकळीसाठी नाही, डाइकसाठी, म्हणजे थरांना छेदून घुसलेल्या अग्निजन्य खडकाच्या उभ्या भिंतीसाठी.

उरले ते बोअर. जवळ जायचं असेल तर खाली उतरायला हवं. पोकळीच्या दोन बाजूंना दोन बोअर घेऊन त्यांत इलेक्ट्रोडच्या माळा सोडायच्या आणि मधला खडक आरपार मोजायचा. ही वाट नवी नाही. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने हो क्रीकला बोअर ते बोअर विद्युतचुंबकीय लहरी पाठवून आगीचा मोर्चा टिपला होता.

दुसरा निर्णय: काम नाकारायचं, तसंच घ्यायचं की बदलून मागायचं

मागितलं तसं काम घेतलं असतं तर पैसे मिळाले असते, रंगीत नकाशे गेले असते, आणि त्यांत काहीतरी गाठ दिसलीही असती. मोजमापांवरून खालचं चित्र काढणाऱ्या उलटगणनेच्या सॉफ्टवेअरला गाठी काढायला सांगितलं की ते काढतं. मालकांचा कल काही काळ इकडेच होता. 'ते मागतायत, आपण देतोय, निष्कर्षात मर्यादा लिहू' असा युक्तिवाद त्यांनी केला. मॅडमचं उत्तर होतं की मर्यादा शेवटच्या पानावर लिहिल्या जातात आणि नकाशा पहिल्या पानावर छापला जातो.

शेवटी तिसरा मार्ग निघाला: हिशेबाची पानं ग्राहकापुढे ठेवायची आणि पैसा चाचणीनंतरच्या एका सर्वेक्षणावरून उचलून चाचणीआधीच्या पायाभूत मोजमापांवर आणि बोअरवर टाकायचा.

ग्राहकाशी झालेली बैठक तापली. अधिकाऱ्यांना कात्रज आठवत होतं. त्यांना पटवलं ते ग्रॅव्हिटीच्या आकड्याने. खाणीतला माणूस टनांत विचार करतो, आणि ५,९०० टन विरुद्ध एका पावसाळ्याचं पाणी ही तुलना त्यांनी स्वतः पुन्हा करून पाहिली. त्यानंतर त्यांनी विचारलेला प्रश्न नेमका होता: "मग बोअर किती जवळ?"

तिसरा निर्णय: बोअर किती, कुठे, कसे

जवळ गेलं तर दिसतं, पण जवळ गेलं तर बोअर भाजतो, आणि वाईट म्हणजे वायूला वर यायला वाट मिळते. उष्णता खडकातून फार हळू जाते. निव्वळ वहनाने सहा महिन्यांत आठेक मीटर. भेगांतून वाफ मात्र त्यापुढे पळते. म्हणून पोकळीच्या अंदाजित कडेपासून वीस मीटर सोडायचे ठरलं. दोन्ही बाजूंचे वीस-वीस आणि मधली पोकळी वीस, असं दोन बोअरमधलं अंतर ६० मीटर झालं. आरपार मोजमापात माळेची लांबी अंतरापेक्षा बरीच जास्त लागते, म्हणून ११० ते १९० मीटर खोलीत ८० मीटरची माळ. कोसळण्याचा माथा जिथे अपेक्षित, तो पट्टा तिच्या आत येतो.

केसिंगवरून दोन बैठका खर्ची पडल्या. ड्रिलिंगवाल्यांना लोखंडी पाइप हवा होता, मजबूत आणि ओळखीचा. लोखंडात इलेक्ट्रोड सोडले की वीज खडकात जाण्याऐवजी पाइपातूनच पळते. फायबरग्लासचं केसिंग, बाहेरून बांधलेली माळ आणि मागे सिमेंटची पक्की भरणी असं ठरलं, सोबत तापमान मोजणारी ऑप्टिकल केबल आणि भेगांचे आवाज ऐकायला थोडे जिओफोन.

मूळ आराखड्यात असे चार बोअर होते. कंपनीत भूजल पाहणाऱ्या बाईंनी एक कापला. प्रत्येक बोअर म्हणजे बुच लावलेली गळती, बुच किती वर्षं टिकेल ते सांगा, असं त्या म्हणाल्या आणि कोणाकडे उत्तर नव्हतं. त्या पैशातून त्यांनी वरच्या जलधारक थरांत पाण्याचा दाब मोजणारे पिझोमीटर वाढवून घेतले. १८० मीटर पाण्याचा दाब साधारण १८ बार. पोकळीतला वायूचा दाब त्याखाली राहिला तर पाणी आत येतं, वर गेला तर वायू बाहेर जातो. चिंचिलाचा सगळा इतिहास या एका असमीकरणात बसतो. पिझोमीटरच्या आलेखात रंग नसतात, त्यामुळे सादरीकरणात तो कोणी मोठा करून दाखवत नाही. माझ्या परीक्षण-अहवालात मी त्याला पहिलं स्थान दिलं.

काय झालं

पायाभूत मोजमापं एका हिवाळ्यात सुरू झाली आणि मधला पूर्ण पावसाळा धरून चालली. पहिलं फळ अनपेक्षित ठिकाणाहून आलं. पुण्यात खोडलेला मॅग्नेटोमीटर तिथल्या गोंडवाना गाळाच्या खडकावर सपाट, शांत पार्श्वभूमी देत होता, आणि तिच्यावर पॅनेलच्या एका कोपऱ्यातून जाणारी बारीक सरळ रेघ स्वच्छ उठली. तिरका बोअर घेऊन तपासलं तर अग्निजन्य खडकाची डाइक निघाली, आणि तिच्या दोन्ही अंगांना भाजून कडक झालेला कोळसा, ज्याला खाणीतले लोक झामा म्हणतात. झाम्यात वायुकरण नीट चालत नाही. शिवाय डाइकच्या कडेने पाणी आणि वायू दोघांनाही वाट मिळते. ग्राहकाने पॅनेल सरकवलं. अधिकाऱ्यांनी कात्रजच्या चहाचा उल्लेख स्वतःहून काढला, हे मॅडमनी नंतर थोड्या समाधानाने सांगितलं.

पॅनेल सरकल्यामुळे ठरलेल्या दोन बोअरच्या जागाही सरकल्या आणि एक भूकंपीय रेषा जवळजवळ वाया गेली. माळा बसल्या. पेटवण्याआधीच्या आरपार मोजमापांत एका जोडीतले काही इलेक्ट्रोड सुरुवातीपासूनच मुके निघाले, भरणीच्या वेळी तारा तुटल्या असाव्यात. उरलेल्यांवर काम निभावेल असं मॉडेलवर दिसतं. पिझोमीटरमध्ये पावसाळ्यातला चढउतार अपेक्षेहून मोठा आला, त्यामुळे फेरग्रॅव्हिटीचा विषय पूर्णपणे बाजूला पडला. फक्त घंटा म्हणून मोजके कायमचे ठोकळे बांधून ठेवले आहेत.

पोकळी मात्र अजून कोणी पाहिलेली नाही, कारण ती अजून तयारच झालेली नाही. हे लिहीपर्यंत चाचणी पेटलेली नाही, परवानग्या चालू आहेत. हे सगळं जाळं खरोखर काय पकडतं ते त्यानंतर कळेल.

वेगळं काय करता आलं असतं

डेमोची जागा बदलता आली असती. कंपनीला पोकळीच दाखवायची होती तर आकाराच्या निदान तीन-चारपट खोल असलेला एखादा जुना बोगदा निवडून, तिथे ईआरटी काय चुकते हेही ग्राहकासमोर चुकू द्यायला हवं होतं. न दिसणं कसं दिसतं, हे ग्राहकाने एकदा डोळ्यांनी पाहिलं असतं तर पुढच्या दोन बैठका वाचल्या असत्या.

चुंबकीय पाहणी सगळ्यात आधी, बोअरच्या जागा कागदावर येण्यापूर्वी व्हायला हवी होती. ती पायी फिरून करता येते, स्वस्त आहे, आणि वाया गेलेल्या भूकंपीय रेषेच्या खर्चात ती कितीतरी वेळा झाली असती. क्रम उलटा पडला तो निव्वळ यंत्रं कुठल्या गाडीतून आधी पोचली यावरून.

मॉडेलमध्ये वापरलेले चारचे आणि भाजलेल्या खडकाचे रोध पुस्तकांतून घेतले आहेत. त्याच जागेचा गाभा, म्हणजे बोअरमधून निघालेले नमुने, भट्टीत टप्प्याटप्प्याने तापवून प्रत्येक टप्प्यावर रोध मोजता येतो. त्यासाठी लागणारी भट्टी पुण्यात सहज मिळते. नमुने पेट्यांत पडून आहेत आणि चाचणी लांबल्यामुळे वेळही आहे. मॅडमनी त्याचा खर्च कळवला आहे, ग्राहकाने अजून मंजूर केलेला नाही.

कराराच्या भाषेबद्दलही एक गोष्ट. 'पोकळी शोधून द्यावी' ही अट जाऊन 'अमुक आकाराची, अमुक अवस्थेतली पोकळी अमुक खोलीवर असल्यास ती ओळखता यावी, आणि न ओळखता आल्यास तसं लिहून द्यावं' अशी अट आली, पण ती दुसऱ्या सुधारणेत. पहिल्या मसुद्यात ती असती तर मालक आणि मॅडम यांच्यातला वाद मुळात झालाच नसता, कारण 'काही दिसलं नाही' या उत्तराचेही पैसे मिळतात हे मालकांना आधीच कळलं असतं.

कापलेल्या चौथ्या बोअरबद्दल टीममध्ये अजून एकमत नाही. तरुण भूभौतिकीवाल्याचं म्हणणं, चौथा बोअर कापल्याने पोकळीची एक बाजू आंधळी राहते आणि आग तिकडे वळली तर उशिरा कळेल. भूजलवाल्या बाईंचं म्हणणं, आग तिकडे वळली तर त्या बाजूचा पिझोमीटर आधी सांगेल. पॅनेल सरकल्यानंतर डाइक त्याच आंधळ्या बाजूला आली आहे, त्यामुळे पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा घेतला जाणार आहे.